विश्लेषण : पंच पाहत नसेल तेव्हा नियम कोण पाळतो? गोल्फ, वानखेडे आणि ‘खेळाची भावना’

नॉन-स्ट्रायकरला धावबाद केले, किंवा बॅटची कड लागल्याचे ठाऊक असूनही फलंदाज क्रीजवर उभा राहिला, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘नियमात बसते, पण खेळाच्या भावनेत बसत नाही.’ दोन दिवस वाद रंगतो. ही भावना म्हणजे नेमके काय आणि ती कोणी पाळायची, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. गोल्फने त्याचे उत्तर नियमपुस्तकातच लिहून ठेवले आहे. ते क्रिकेटला, आणि जळगाव-धुळ्याच्या मैदानांनाही, कसे लागू होते?

गोल्फमध्ये पंच का नसतो?

१८ होलचा गोल्फ कोर्स साधारण शंभर ते दोनशे एकरांवर पसरलेला असतो. एकाच वेळी डझनांनी खेळाडू वेगवेगळ्या टोकांना खेळत असतात. मोठ्या स्पर्धेत नियम सांगणारे अधिकारी कोर्सवर असतात, पण प्रत्येक खेळाडूच्या मागे एक पंच उभा करणे शक्य नसते. म्हणून खेळाडू आपले फटके स्वतःच मोजतो, सोबतचा खेळाडू त्याची नोंद ठेवतो आणि शेवटी दोघेही स्कोअरकार्डवर सही करतात. नियम मोडला गेला, तर दंडाचा फटकाही खेळाडूने स्वतःच स्वतःच्या नावावर चढवायचा असतो.

गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम १७४४ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे तयार झाले. ते फक्त १३ होते. पुढे पुस्तक फुगत गेले. २०१९ च्या मोठ्या फेररचनेत नियमांची संख्या ३४ वरून २४ वर आणली गेली. त्यात प्रामाणिकपणे वागणे, इतरांचा विचार करणे आणि कोर्सची काळजी घेणे या अपेक्षा पहिल्याच नियमात आल्या. गंभीर गैरवर्तन केल्यास खेळाडूला स्पर्धेतून बादही करता येते. म्हणजे गोल्फमध्ये ‘भावना’ नियमाबाहेर नाही, ती नियम क्रमांक एकमध्येच आहे.

स्वतःवर दंड लावून घेतलेला खेळाडू कोण?

१९२५ ची अमेरिकन ओपन. बॉबी जोन्स फटका मारायच्या तयारीत असताना लांब गवतातला चेंडू किंचित हलला. तो कुणीही पाहिला नव्हता. अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि निर्णय जोन्सवरच सोडला. त्याने स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत राहिले, आणि प्ले-ऑफमध्ये जोन्स हरला. तो एक फटका धरला नसता, तर प्ले-ऑफची वेळच आली नसती. लोकांनी कौतुक केले तेव्हा, बँक लुटली नाही म्हणून कुणाला शाबासकी देतात का, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगितले जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जोन्सने नियमापेक्षा वेगळे काही केले नाही. त्याने नियमच पाळला, फक्त तो मोडल्याचे त्याच्याशिवाय कोणालाही माहीत नव्हते.

मग नियमाचा अतिरेक होतो का?

होतो. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दि विसेन्झोने शेवटच्या दिवशी ६५ फटके घेतले. १७ व्या होलवर त्याने तीन फटके घेतले होते, पण नोंद ठेवणाऱ्या टॉमी आरनने चार लिहिले. दि विसेन्झोने न तपासता सही केली. नियमानुसार ६६ हाच आकडा कायम झाला आणि एका फटक्याने विजेतेपद बॉब गोल्बीकडे गेले. लाखो प्रेक्षकांनी तीन फटके पाहिले होते, कागदावर मात्र चार होते.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या लेक्सी थॉम्पसनवर असाच प्रसंग आला. आघाडीवर खेळत असताना तिला सांगण्यात आले की, आदल्या दिवशी तिने चेंडू उचलून परत ठेवताना जागा किंचित चुकवली होती. एका टीव्ही प्रेक्षकाने ईमेल करून ते कळवले होते. दोन फटके त्या चुकीचे आणि दोन चुकीच्या स्कोअरकार्डवर सही केल्याचे, असे चार फटके वाढले. शेवटी प्ले-ऑफमध्ये ती हरली.

यावर मोठी टीका झाली आणि नियम बदलले. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही अशी चूक केवळ व्हिडिओवरून धरायची नाही, असे ठरले. पुढे प्रेक्षकांच्या तक्रारी घेणेही बंद झाले. नियम अन्याय करू लागला, तर तो सर्वांसाठी उघडपणे बदलायचा, हा त्यातला धडा. एखाद्याच्या सोयीने तो वाकवायचा नाही.

वानखेडेवर काय घडले होते?

क्रिकेटमधले याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. फेब्रुवारी १९८०, बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना. भारताच्या २४२ धावांना उत्तर देताना इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ होती. खेळपट्टीवर इयान बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर. कपिलदेवच्या चेंडूवर पंचांनी टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले. पण कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांची खात्री होती की, चेंडू बॅटला लागलेला नाही. त्यांनी टेलरला परत बोलावले.

पुढे बोथम-टेलर जोडीने १७१ धावांची भागीदारी केली. बोथमने ११४ धावा आणि सामन्यात १३ बळी घेतले. भारत १० गडी राखून हरला.

विश्वनाथ यांनी नियम मोडला का? नाही. पंचांच्या संमतीने अपील मागे घेण्याचा अधिकार क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराला नियमच देतो. त्यांनी तो वापरला, आणि तोही स्वतःच्या संघाचे नुकसान होईल असा.

नॉन-स्ट्रायकरला धावबाद करणे भावनेविरुद्ध आहे का?

डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत विनू मांकड यांनी क्रीज सोडून पुढे सरकलेल्या बिल ब्राऊनला धावबाद केले. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यातही त्यांनी ब्राऊनला असेच बाद केले होते. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मांकड यांची बाजू घेतली. तरीही अशा बाद होण्याला मांकड यांचे नाव चिकटले, आणि तेही हिणवण्याच्या सुरात.

सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला असेच बाद केले, भारत १६ धावांनी जिंकला आणि ‘भावने’चा गजर पुन्हा झाला. एमसीसीने मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये बदल जाहीर केला होता. १ ऑक्टोबर २०२२ पासून हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात ठेवण्यात आला. पुढे सरकून फायदा घेणारा फलंदाज असतो. बेल्स पाडणारा गोलंदाज सर्वांसमोर नियम वापरतो, काही लपवत नाही.

मग खेळाची भावना कुठे कामाची?

जिथे नियमाचे डोळे पोहोचत नाहीत, तिथे. जोन्सचा चेंडू हललेला फक्त जोन्सला ठाऊक होता. पंचांचा निर्णय चुकल्याची खात्री विश्वनाथ यांना होती. दोघांनीही भावनेचा हवाला देत प्रतिस्पर्ध्याला बोल लावला नाही, दोघांनी स्वतःचे नुकसान पत्करले. भावना ही स्वतःला लावायची मोजपट्टी आहे. दुसऱ्याला मारायची छडी म्हणून ती वापरली, की तिचा अर्थ संपतो.

जळगाव-धुळ्यातल्या खेळाडूंना याचे काय?

बरेच काही. सागर पार्कवर किंवा गरुड मैदानावर रविवारच्या टेनिस बॉलच्या सामन्यात बऱ्याचदा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच गडी पंच म्हणून उभा असतो. कड लागल्याचे फलंदाजाला आणि पंचाला, दोघांनाही कळते. तिथे रिप्ले नसतो.

बुद्धिबळातही तेच. ज्या मोहऱ्याला हात लावला तोच खेळायचा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण शेकडो पटांच्या सभागृहात प्रत्येक हाताकडे पाहणारा पंच नसतो. ‘मी फक्त सरळ करत होतो’ असे नंतर सांगणाऱ्या मुलाला खरे काय ते ठाऊक असते.

शिवाय आता खेळाशी बरेच जोडलेले आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणूनच वय लपवणे आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रे यांसारखे प्रकार राज्यात उघड झाले. वयचोरी करून संघात आलेला मुलगा प्रतिस्पर्ध्याला तर फसवतोच, पण आपल्याच गावातल्या, त्याच वयाच्या खऱ्या खेळाडूची जागाही खातो. त्या मुलाला पुन्हा त्या वयोगटात खेळता येत नाही.

तपासणी, कागदपत्रे, कॅमेरे हवेतच. पण तालुका पातळीवरच्या प्रत्येक सामन्याला ते पुरणार नाहीत. तिथे प्रशिक्षक आणि पालक मुलाला काय शिकवतात, यावर सारे ठरते : ‘पंचांनी दिले नाही ना, मग थांब’, की ‘लागला होता ना, मग चल’.