टाकी रिकामी आहे, म्हणूनच धोका

मुंबई-आग्रा महामार्गावर मालेगावच्या आसपास जुन्या गाड्यांची कमतरता नाही. इथल्या कसमादे पट्ट्यातल्या खड्ड्यांतून वर्षानुवर्षं धावलेल्या जिपा, वीस वर्षांपूर्वीच्या मारुती अजून रस्त्यावर आहेत. या गाड्यांचं एक ठरलेलं दुखणं म्हणजे पाझरणारी पेट्रोलची टाकी.

पत्र्याची टाकी दोन अर्धुकं कडेने जोडून बनते आणि लोखंडी पट्ट्यांनी गाडीच्या पोटाशी आवळलेली असते. चाळीस लिटर पेट्रोलचं वजन जवळजवळ ३० किलो. प्रत्येक खड्ड्याला हे वजन टाकीत हिंदकळतं आणि जोडाजवळचा पत्रा किंचित वाकून सरळ होतो. असं लाखो वेळा झालं की धातू थकतो आणि केसाएवढी चीर पडते. पट्ट्याखाली अडकलेला ओला चिखल बाहेरून गंज चढवतो. आतून पाणी आपलं काम करतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि ओलावा फार झाला, तर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. जुन्या टाकीच्या आतला शिसे-कथिलाचा मुलामा जिथे उडालेला असतो, तिथे पत्रा सडू लागतो.

रस्त्यात टाकी गळायला लागली की जाणता मिस्त्री कपडे धुण्याच्या साबणाची वडी मागतो आणि चिरेवर घासतो. हा उपाय खुळचट वाटेल, पण त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. साबण म्हणजे मेदाम्लाचा क्षार. तो पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये जवळजवळ नाही. त्यामुळे चिरेत दाबून बसलेला साबण गॅरेजपर्यंत पोचवतो. त्यापुढे त्याच्यावर विसंबू नये. एम-सीलसारखा इपॉक्सीचा लेप त्याहून टिकतो, पण पत्रा खरवडून कोरडा केला तरच. पेट्रोलने ओल्या पत्र्यावर तो धरत नाही.

खरा घात होतो तो वेल्डिंगच्या वेळी. ‘टाकी रिकामी केली आहे, लाव गॅस,’ या वाक्याने माणसं गेली आहेत. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच ती पेटते. भरलेल्या टाकीत, मालेगावच्या उन्हाळ्यात तर नक्कीच, वाफ इतकी दाट असते की जळायला प्राणवायू पुरत नाही. रिकाम्या टाकीत मात्र हवा भरपूर असते. तिथे स्फोटाला किती पेट्रोल लागतं? चाळीस लिटरच्या टाकीला सुमारे तीन मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाही नको. एवढं पेट्रोल जोडाच्या घडीत आणि आतल्या आडव्या पत्र्यांच्या कोपऱ्यात सहज दडून राहतं. झाकण उघडून उन्हात ठेवल्यानेही भागत नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते आणि तळाशीच रेंगाळते. डिझेलची टाकीही निर्धास्त नाही. ज्योतीच्या उष्णतेने आतला चिकट थर वाफाळतो आणि तोही पेटतो.

मग काम करायचं कसं? टाकी गाडीवरून उतरवायची. साबणाच्या गरम पाण्याने खळखळून, पुन्हा पुन्हा धुवायची. शक्य असेल तर वाफेने. मग चीर वर येईल अशी ठेवून चिरेच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे पेट्रोलच्या वाफेला फारशी जागा उरत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पेट्रोल पाण्यावर तरंगतं. धुण्यात हयगय झाली असेल, तर उरलेले थेंब वर येऊन नेमके चिरेशी जमतात. म्हणून उरलेल्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडलेला उत्तम. बारीक चिरेला डाख पुरतो. कथील-शिशाचं मिश्रण १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतं, तर पोलाद वितळायला दीड हजार अंश लागतात. तरीही डाख देण्याचं हत्यार त्याहून बरंच तापलेलं असतं, तेव्हा धुणं चुकत नाही.

प्लास्टिकच्या टाकीचा प्रश्न निराळा. ती पॉलिइथिलीनची असते आणि त्याला सहसा गोंद धरत नाही. तडा गेला तर ती बदलावी.

तळ चाळणीसारखा झालेली पत्र्याची टाकीही डागडुजीच्या पलीकडे गेलेली समजा. आणि दुरुस्त होण्याजोगी असेल, तर गॅस पेटवण्याआधी मिस्त्रींना एवढंच विचारा: टाकी कशाने धुतली आणि आत पाणी भरलं का? उत्तर ‘रिकामीच आहे की’ असं आलं, तर टाकी उचलून दुसऱ्या गॅरेजात न्या.