फायबरचे सीट काउल : हेही कपड्याचेच काम

मोटारसायकलच्या सीटवर, मागच्या माणसाच्या जागी, जो निमुळता उंचवटा बसवतात त्याला गॅरेजवाले काउल म्हणतात. एका माणसापुरती सीट आणि मागे हा उंचवटा ही ‘कॅफे रेसर’ घाटणी मूळची इंग्लंडची. रॉयल एनफिल्डनेही २०१३ साली ‘कॉन्टिनेन्टल जीटी’ याच घाटणीत काढली. आपले कित्येक कारागीर बांधव रेक्झिनच्या सीटा उत्तम शिवतात, पण काउलची विचारणा झाली की ‘ते फायबरवाल्याचे काम’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतात. वास्तविक हे काम त्यांच्या हाताबाहेरचे नाही. ज्याला कापड कळते त्याला अर्धे फायबर आधीच कळलेले असते.

फायबर म्हणजे काचेचा कपडाच. काच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू काढतात. ते विणले की ग्लास क्लॉथ होते. तुकडे करून नमद्यासारखे एकमेकांवर पसरून चिकटवले की मॅट होते. बाजारात मॅट बहुधा ३०० आणि ४५० ग्रॅमची मिळते, म्हणजे एका चौरस मीटरचे तेवढे वजन. भिवंडी-मालेगावच्या व्यापाऱ्याला हे जीएसएमचे गणित समजावून सांगायला नको. काउलला गोलाई फार असते, म्हणून मॅट बरी. पॉलिएस्टर रेझिन लागताच तिला जोडून ठेवणारा चिकटा विरघळतो आणि ती वळणावर बसते. विणलेले कापड वापरायचे तर उरेब कापावे, नाहीतर कोपऱ्यावर चुण्या पडतात.

आता मुद्द्याची गोष्ट. माल मजबूत होतो तो काचेमुळे. रेझिनचे काम तंतूंना जागेवर धरून ठेवण्याचे. तरीही काही जण मॅटचा एकच थर देतात आणि वर रेझिन व पुट्टी थापून जाडी दाखवतात. खळ भरून वजनदार केलेले कापड एका धुण्यात जसे मलमल होते, तसाच हा माल. हातात घेतला तर भारी वाटतो, पण इंजिनच्या थरथरीने त्याला तडे जातात. मापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये जी ताकीद आहे ती फक्त तराजूवाल्यांसाठी आहे असे समजू नये.

हिशेब सोपा आहे. मॅटच्या वजनाच्या सुमारे अडीचपट रेझिन पुरते, विणलेल्या कापडाला साधारण बरोबरीचे. काउलचे क्षेत्रफळ चौरस मीटरचा तिसरा हिस्सा धरले, तर ४५० ग्रॅमच्या दोन थरांना ३०० ग्रॅम मॅट आणि पाऊण किलो रेझिन लागेल. जाडी सुमारे दोन मिलिमीटर होईल. ज्यावर कोणी बसणार नाही अशा काउलला एवढे पुष्कळ झाले. बोल्ट येतील तेथे मात्र आणखी दोन तुकडे द्यावेत.

आधी आकार तयार करावा लागतो. थर्मोकोल स्वस्त म्हणून पुष्कळ जण तेच घेतात, पण पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन थर्मोकोलला साखरेसारखे विरघळवते. म्हणून थर्मोकोलवर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, घासून सील करावा आणि त्यावर मेण पॉलिशचे तीन-चार हात द्यावेत. एकच काउल हवे असेल तर या आकारावरच मॅट चढवता येते, पण बाहेरची बाजू खडबडीत निघते आणि घासण्यात दिवस जातो. तीन-चार गिऱ्हाइके दिसत असतील तर त्याच आकारावरून साचा काढावा आणि पुढचे नग साच्याच्या आतून काढावेत. बाहेरची बाजू गुळगुळीत येते. साच्याला उतार मात्र हवा. कुल्फी बाहेर येते कारण तिचा साचा तोंडाशी रुंद असतो. काउलच्या बाजू आत वळलेल्या असतील तर साचा दोन भागांत करावा लागेल.

रसायनांच्या बाबतीत कृपया घाई करू नये. रेझिन घट्ट होण्यासाठी कोबाल्ट आणि हार्डनर असे दोन पदार्थ लागतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, हार्डनर नंतर घालावे. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. मोजायची भांडीही वेगळी ठेवावीत. दुकानदाराने कोबाल्ट आधीच घालून दिले आहे का तेही विचारून घ्यावे. हार्डनर शेकडा एक ते दोन पुरते, म्हणजे २०० ग्रॅम रेझिनला दोन ते चार ग्रॅम. उन्हाळ्यात कमीच घालावे. एका वेळी तेवढेच कालवावे, कारण मगात जास्त उरले तर तापून धूर येतो. हार्डनर डोळ्यात गेले तर नजर जाऊ शकते. पंधरा मिनिटे पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा. चष्मा आणि हातमोजे शागिर्दालाही द्यावेत. दुकानाची दारे उघडी असावीत आणि विडी-सिगारेट दूर. रुमालाने घासकामाची धूळ थोडीफार अडते, स्टायरीनची वाफ अडत नाही.

मॅट कात्रीने कापण्यापेक्षा कडेला हाताने फाडावी, जोड एकजीव होतो. ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचा, म्हणजे हवा बाहेर येते. पावसाळ्यात मॅट प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवावी, ओल लागलेल्या मॅटला रेझिन नीट धरत नाही. एक दिवस गेला की नग काढावा आणि रंगापूर्वी उजेडासमोर धरून पाहावा. पांढरे डाग दिसले तर तेथे हवा किंवा कोरडी काच आहे. नाण्याने वाजवावे, पोकळ जागा बद्द बोलते.

बसवताना भोक बोल्टपेक्षा थोडे मोठे पाडावे आणि रबरासह रुंद वॉशर घालावे. सस्पेन्शन पूर्ण दबले तरी टायर काउलला लागत नाही हे तपासावे. टेल लॅम्प आणि नंबर प्लेट झाकली जाऊ नये. कायद्याचेही भान ठेवावे. गाडीत परवानगीशिवाय बदल केल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून चेसिस कापून करायचे काम हाती घेऊच नये. कंपनीच्या सीटवर बसणारे, दोन बोल्टांनी निघणारे काउल करावे, आणि त्यातही शंका वाटली तर आधी आरटीओत विचारून घ्यावे. मागचा हँडल आणि फूटरेस्ट जागेवर राहू द्यावेत. काउल लावलेले असताना मागे कोणी बसायचे नाही, हे बिलावरच लिहून द्यावे.