पाणी शुद्ध कशाने होते?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, हा इतिहास आपल्या शाळेतील लहान मुलालाही ठाऊक असतो. त्यानंतर जे घडले त्याकडे मात्र विज्ञानाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी दूध, दही, शेण आणि गोमूत्र १०८ घागरींच्या साहाय्याने मंत्रघोषात तळ्यात सोडले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निकाल लागण्यास पुढे दहा वर्षे लागली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

आता हाच प्रसंग प्रयोगशाळेत नेऊन पाहू. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. त्यांना किती ऑक्सिजन लागतो, यावरून पाण्याची मलिनता मोजतात. या मापाला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे ‘बीओडी’, असे म्हणतात. आपल्या देशात सामुदायिक स्नानासाठी योग्य मानलेल्या पाण्यात ती दर लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. गावच्या सांडपाण्यात ती साधारणपणे दीडशे ते तीनशे असते, तर दुधात एक लाखाहूनही अधिक भरते. म्हणजे माणसांच्या ओंजळीने तळ्याचे काहीच बिघडले नव्हते. मलिनता वाढली असेल तर ती शुद्धीच्या विधीने. पाण्याला जात कळत नाही, ऑक्सिजन कळतो.

मलिनता मोजता येते, तशी ती दूर करण्याची रीतही तपासून ठरविता येते. त्यांपैकी एक रीत कमी खर्चाची असून खेड्याला आणि वसतिगृहाला सहज पेलणारी आहे. ती म्हणजे पाणवनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी स्वच्छ करणे.

वनस्पती घाण ‘खातात’ असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बहुतेक काम मुळांच्या आणि खडीच्या पृष्ठभागावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे असते. पाणकणीस, देवनळ, कर्दळ यांसारख्या वनस्पती चिखलात उभ्या राहतात, कारण त्यांच्या खोडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते आणि तिचा काही अंश मुळांभोवती झिरपतो. तेथे ऑक्सिजनवर जगणारे जीवाणू घाणीचे विघटन करतात व अमोनियाचे नायट्रेट बनवितात. थोड्या अंतरावर, जेथे ऑक्सिजन नसतो, तेथे दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. उरलेल्या नत्राचा व स्फुरदाचा काही भाग वनस्पती आपल्या वाढीसाठी घेतात. गाळ आणि तरंगणारे कण खडीत अडकतात.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीत कॅथे सायडेल या विदुषीने १९५० नंतरच्या दशकात प्लोन येथील माक्स प्लांक संस्थेत केला. आपल्या महाराष्ट्रात नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने ‘फायटोरिड’ नावाने अशी पद्धत विकसित केली. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात ती वापरण्यात आली. पुण्याच्या ‘सृष्टी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने उदयपूरच्या आहर नदीवर वनस्पती व सूक्ष्मजीवांचे ‘हरित सेतू’ उभारले.

आपल्या भागाला याची गरज का आहे? प्राचीन तगर, म्हणजे आजचे तेर, जिच्या काठी वसले, ती तेरणा माकणीजवळ निम्न तेरणा प्रकल्पात अडविली आहे. अवर्षणाच्या या मुलखात त्या जलाशयाचे मोल वेगळे सांगायला नको. अशा ठिकाणी मोरीचे पाणी उघड्या गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जाऊ देणे म्हणजे आपली घाण खालच्या गावाच्या घागरीत सोडणे होय. विनयपिटकातील सेखिय नियमांत निरोगी भिक्खूने पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याच्या साधनाचाही समावेश आहे.

दोनशे मुलांचे वसतिगृह उदाहरणादाखल घेऊ. उष्ण हवामानात माणशी सुमारे ३ चौरस मीटर वाफा पुरतो. शौचालयासह सर्व सांडपाणी धरले तरी ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास सहा गुंठे जागा लागेल. केवळ न्हाणीघर व स्वयंपाकघराच्या पाण्याला त्याहून बरीच कमी. प्रथम पाणी टाकीत निवळू द्यावे. नंतर ते तळाला गळती नसलेल्या, सुमारे दोन फूट खोल खडीच्या वाफ्यातून सावकाश वाहू द्यावे. पाण्याची पातळी खडीच्या खाली ठेवावी, म्हणजे डास होत नाहीत. बाहेर पडणारे पाणी बागेतील झाडांना देता येते. ते पिण्याजोगे मात्र नसते. रोगजंतू घटतात, पण समूळ नाहीसे होत नाहीत.

येथे जलपर्णीविषयी सावध राहिले पाहिजे. तीही पाण्यातील नत्र आणि काही जड धातू शोषते. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेत १९७० च्या दशकात तिच्यावर प्रयोग झाले. परंतु अनुकूल हवामानात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. पुण्याची मुळा-मुठा आणि कोल्हापूरची पंचगंगा यांनी तिचा उपद्रव सोसला आहे. ती पाण्यावर पसरली की खाली उजेड व हवा पोचत नाही; मेली की कुजून शोषलेले सर्व पाण्याला परत करते. म्हणून कोणीही सद्‌हेतूने ती ओढ्यात वा जलाशयात सोडू नये. कारखान्याच्या पाण्यावर वाढलेली वनस्पती तर जनावरांना घालू नये आणि तिचे खतही करू नये, कारण तिच्यात जड धातू साठलेले असू शकतात.

वाफ्यातील वनस्पतींनाही हा नियम काही अंशी लागू आहे. त्या वेळोवेळी कापून बाहेर काढल्या नाहीत, तर त्यांनी उचललेले पुन्हा पाण्यातच उतरते. टाकीतील गाळही उपसावा लागतो. मग प्रश्न उरतो तो हे काम कोणी करायचे, हा. आजवर गावाने घाण करायची आणि एका जातीने ती उपसायची, अशीच वाटणी होती. हाताने मैला साफ करण्यास आणि गटारे व मैलाटाक्यांच्या धोकादायक सफाईस २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही मैलाटाक्यांत उतरलेल्या कामगारांच्या मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. नवे तंत्र आणून जुनी वाटणी तशीच ठेवली, तर पाणी स्वच्छ होईल, समाज होणार नाही.

म्हणून गाळ यंत्रानेच उपसावा आणि वाफ्याची निगा पाळीने सर्वांनी करावी. विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी, वर्गणीदार पालकांनीही. अभियंते झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी आराखडा द्यावा, शेतकरी पालकांनी कर्दळीचे कंद आणावेत, विज्ञानाच्या वर्गाने दरमहा पाण्याचे नमुने तपासून आकडे फलकावर लिहावेत. शुद्धाशुद्धतेचा निवाडा एकेकाळी पोथीने केला. आता तो त्या फलकावरचे आकडे करतील.