मानेखाली थांबलेली हालचाल

झाडावरून माणूस पडतो, किंवा विहिरीत पाणी किती आहे हे न पाहता एखादा मुलगा सूर मारतो. वर काढल्यावर तो शुद्धीवर असतो, बोलतो. पण हातपाय हालत नाहीत. हातापायांची हाडे तर शाबूत आहेत. मग बिघडले कोठे?

बिघडले ते मानेत. मेंदूचा हुकूम हातापायांना पोचतो तो मज्जारज्जूमधून. करंगळीएवढ्या जाडीचा हा रज्जू मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरतो. मानेत मणके ७, आणि तेथून फुटणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या ८. ढोबळमानाने सांगायचे तर चौथी जोडी श्वास चालवते, पाचवी कोपर वाकवते, सहावी मनगट उचलते, सातवी कोपर सरळ करते, आठवी बोटे मिटवते. इजा जितकी वर, तितके नुकसान मोठे. एका जोडीचा फरक म्हणजे आपल्या हाताने जेवणे की दुसऱ्याने भरवणे, एवढा असतो!

सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन वैद्यकीय लेखात मानेचा मणका निखळलेल्या रोग्याचे वर्णन आहे. त्यावर शेरा आहे, ‘यावर उपचार करू नये.’ हा शेरा शतकानुशतके टिकला. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी खास विभाग काढला. रोग्याची कूस वेळोवेळी बदलणे, लघवीची नीट व्यवस्था, व्यायाम, खेळ, यांच्या बळावर असे रोगी जगू लागले. पण गेलेली हालचाल?

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पुष्कळदा रज्जू पुरता तुटलेला नसतो. काही धागे शिल्लक असतात. पाट फुटला तरी थोडे पाणी झिरपतेच ना? पण कोरड्या वाफ्यात ते जिरून जाते. वाफा आधी ओला केला, तर तेच पाणी पुढे सरकते. शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. मानेच्या कातडीवर पट्ट्या चिकटवून त्यांतून विजेचा सौम्य प्रवाह सोडला. त्याने खालचे मज्जातंतू सावध होतात आणि मेंदूचा क्षीण हुकूमही त्यांना कळतो.

अमेरिका, कॅनडा व युरोपातील ६० रोग्यांवरचा हा प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. कित्येकांची इजा फार जुनी होती. एकाची तर ३४ वर्षांची. पहिले दोन महिने नुसता व्यायाम, पुढचे दोन महिने व्यायाम आणि वीज. शेकडा ७२ जणांच्या हातांचे बळ व काम दोन्ही सुधारले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने या यंत्राला मान्यता दिली.

दुसरी वाट शस्त्रक्रियेची. चालू असलेल्या स्नायूकडे जाणारा एखादा तंतू बंद पडलेल्या स्नायूच्या तंतूला जोडतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या शल्यवैद्यांनी २०१९ साली १३ रोग्यांची हकीकत छापली. कोपर सरळ करणे, वस्तू धरणे त्यांना पुन्हा जमू लागले. मात्र ही शस्त्रक्रिया इजेनंतर वर्षाच्या आत झालेली बरी.

हे पूर्ण बरे होणे नव्हे. म्हणून कोणी ‘पेशींची सुई टोचून चालवतो’ म्हणाला, तर शेत विकू नका; तो उपचार अजून सिद्ध झालेला नाही.

आणि गुरुजींनो, मुलांना एवढे जरूर शिकवा: मानेवर पडलेल्याला ओढू नये, उठवून बसवू नये. डोके व मान सरळ रेषेत धरून चौघांनी त्याला फळीवर घ्यावे. शिल्लक धागे वाचले, तरच पुढे विजेला काही काम उरते.