ही माशी उझीच का?

रेशीमकिड्यांच्या संगोपनगृहात घरमाशीहून थोडी मोठी, करडी माशी दिसली, की विद्यार्थी मोबाइलवर तिचे छायाचित्र काढून आणतात आणि विचारतात, ‘‘सर, ही उझी का?’’ उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबावे. उत्तरावर शेतकऱ्याचे पीक अवलंबून असते.

उझीची मादी रेशीमकिड्याच्या अंगावर दुधी रंगाचे बारीक अंडे चिकटवते. दोन-तीन दिवसांत त्यातून निघालेली अळी किड्याचे कातडे भेदून आत शिरते. तेथे काळा डाग उरतो. आतच पोसून ती बाहेर पडते. तोपर्यंत किड्याने कोश विणला असेल, तर ती कोशाला भोक पाडते. मग त्यातून अखंड धागा निघत नाही. १९८० साली ही माशी बंगालकडून कर्नाटकात पोचली आणि तेथील रेशीमउद्योगाचे मोठे नुकसान झाले.

घोटाळा होतो तो मांसमाशीशी. तीही करडी आणि पट्टेवाली. मेलेल्या किड्यांच्या वासाने तीही संगोपनगृहात येते. छायाचित्रात प्रथम पाठीवरचे काळे उभे पट्टे मोजावेत. मांसमाशीला तीन, उझीला चार. मांसमाशीच्या पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनही दिसतात. काहीजण पंखातील शिरेचा बाक पाहून निर्णय देतात. तसा बाक मांसमाशीत असतो आणि आपल्या घरमाशीतही!

खरी खूण वेगळीच आहे. माशीच्या पाठीच्या मागच्या टोकाला ढालीसारखा त्रिकोणी भाग असतो. उझी ज्या टॅकिनिड कुळातली, त्या कुळात या ढालीखाली आणखी एक ठळक फुगवटा असतो. वरून काढलेल्या छायाचित्रात तो झाकला जातो. म्हणून एक छायाचित्र बाजूनेही घ्यावे. विद्यार्थी नेमके हेच विसरतात.

एवढ्याने कूळ कळले. जात ठरवणे फार अवघड. या कुळात साडेआठ हजारांहून अधिक जातींची नोंद आहे आणि एकाच प्रजातीतल्या माश्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक जागचे राठ केस मोजतात, नराची जननेंद्रिये तपासतात. भारतातल्या उझीलाच एक्झोरिस्टा बॉम्बिसिस आणि एक्झोरिस्टा सॉर्बिलन्स अशी दोन्ही नावे लेखांतून दिलेली आढळतात.

मात्र शाळेत एक गोष्ट करता येते. काळा डाग असलेला किडा तुतीच्या पानांसह बरणीत ठेवा आणि तोंडाला दाट विणीचे कापड घट्ट बांधा. माशी सुटली तर आपणच उपद्रव पसरवू. बाहेर पडलेल्या अळीचा कोष होतो आणि सुमारे दहा-बारा दिवसांनी त्यातून माशी निघते. तिची वरून आणि बाजूने छायाचित्रे घ्या. माशी मेल्यावर टाकू नका, टाचणीला लावून जपून ठेवा. चिठ्ठीवर गाव, तारीख, ‘रेशीमकिड्यातून निघाली’ ही नोंद आणि नावाच्या जागी ‘एक्झोरिस्टा असावी, जात तपासायची’ एवढेच लिहा.