गिटारची केबल घरी बनवताना

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ आहे. गिटार आणि अँप यांच्यामध्ये जी वायर लोंबकळते, ती. गिटारसाठी आपण वर्षभर पैसे साठवतो, पेडल निवडायला महिना घालवतो, आणि केबल? "दे रे एखादी." मग ऐन कार्यक्रमात सोलो सुरू होतो आणि आवाज गुल. गिटार ठणठणीत असते, अँपही. तुटलेला असतो जॅकच्या पोटातला एक इवलासा सांधा.

आधीच सांगून टाकतो, घरी केबल बनवली म्हणून आवाजात जादू होत नाही. ऑक्सिजनमुक्त तांबं, सोन्याचा मुलामा, या जाहिराती वाचून जे आले असतील त्यांची थोडी निराशा होणार आहे. (हशा) सोनं गंजत नाही, एवढाच त्या मुलाम्याचा उपयोग. मग बनवायची कशाला? केबल बहुतेक वेळा सांध्यापाशीच मरते, म्हणून. आणि जो सांधा तुम्ही स्वतः जोडलाय तो तुम्हाला उघडता येतो, दहा मिनिटांत पुन्हा जोडता येतो. साच्यात ओतलेला मोल्डेड जॅक उघडताच येत नाही. तो कापून टाकायचा, नाहीतर केबलच फेकायची.

आता पोटात काय आहे ते बघू. सगळ्यात आत एक तार, तिच्यावर प्लास्टिकचं इन्सुलेशन, त्यावर तांब्याची विणलेली जाळी, आणि वरून जाड साल. सिग्नल आतल्या तारेतून जातो. जाळी त्याचा परतीचा रस्ताही आहे आणि चिलखतही. पिकअपचा सिग्नल नाजूक असतो, आणि खोलीभर ५० हर्ट्झच्या मेन्सची गुणगुण भरलेली असते. जाळी विरळ असली की ती गुणगुण आत शिरते. म्हणून वायर घेताना टोक सोलून बघा. जाळी वाकवल्यावर आतलं प्लास्टिक डोकावत असेल तर ती वायर नको.

दुसरी गोष्ट कपॅसिटन्सची. आवाजावर खरोखर परिणाम करणारी केबलची मुख्य गोष्ट हीच, आणि जाहिरातीत ती क्वचितच छापतात. आतली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटर होतो. साधारण वायरीत दर मीटरला १०० पिकोफॅरड धरा. आता पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची कॉइल. तिचं इंडक्टन्स समजा २.५ हेन्री. या दोघांचं मिळून एक अनुनादाचं शिखर तयार होतं, आणि त्याच्या वरचे स्वर झपाट्याने उतरतात. ३ मीटर केबल लावली तर नुसत्या केबलच्या हिशोबाने हे शिखर ५.८ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. १० मीटर लावली तर ३.२ वर. म्हणजे लांब केबल लावली की आवाजाची धार बोथट होते, हा काही भ्रम नव्हे, साधं गणित आहे. पण ते नेहमी वाईटच असतं असंही नाही. जिमी हेंड्रिक्स फोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची लांब केबल वापरायचा. तशा केबलने तीक्ष्णपणा उतरतो, आणि काहींना तोच आवाज हवा असतो. मुद्दा इतकाच की लांबी तुम्ही ठरवा, दुकानातल्या पाकिटाने नको. घरी ३ मीटर, स्टेजवर ६. याहून लांब लागली तर मध्ये बफर असलेलं पेडल घ्या, मग त्याच्या पुढच्या केबलची लांबी फारशी बाधत नाही.

सामान पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळेल. ६.३५ मिलिमीटरचा मोनो जॅक मागा. बरेच दुकानदार त्याला पी-३८ म्हणतात. मिरवणुकीतल्या बँजोवाल्यांकडेही हाच जॅक असतो, त्यामुळे दुकानदाराला फार समजवावं लागत नाही. जॅकवर मात्र काटकसर करू नका. मागचा क्लॅम्प केबलची साल घट्ट पकडतो का, हे बघा. ओढ सालीने सोसायची असते, सांध्याने नाही.

आता डाख देण्याकडे येऊ, म्हणजे सोल्डरिंगकडे. तुमच्यातल्या काहींनी दारावर येणारा कल्हईवाला पाहिला असेल. भाता, कोळसे, नवसागराची चिमूट, आणि फडकं फिरवलं की भांड्यात चकचकीत कथिल पसरायचं. टिनिंग म्हणतात ते हेच, तारेला कल्हई करणं. तांब्यावर कथिल बसतं, पण वरचा ऑक्साइडचा थर निघाला तरच. तिथे ते काम नवसागर करायचा, इथे सोल्डर वायरच्या पोटातली राळ करते. मात्र नवसागर किंवा पत्रेकामाचं ॲसिड इथे चुकूनही वापरू नका. भांडं धुता येतं, जॅकचं पोट धुता येत नाही, आणि उरलेलं आम्ल तार खात राहतं.

६०/४० ची सोल्डर वायर १८३ ते १९० अंशांत वितळते. आयर्नचं टोक मात्र ३५० च्या आसपास ठेवा. नवशिक्यांना वाटतं कमी उष्णता सुरक्षित. उलट आहे. लेचापेचा आयर्न दहा सेकंद दाबून ठेवला तर आतलं इन्सुलेशन वितळतं. तापलेल्या, रुंद टोकाच्या आयर्नने दोन-तीन सेकंदांत काम होतं. आधी तारेला कल्हई, मग जॅकच्या पत्तीला कल्हई, मग दोन्ही टेकवून एकदा गरम करायचं. सोल्डर सांध्यावर वितळू द्या, आयर्नवर वितळवून थेंब ठेवू नका. आणि गोठेपर्यंत हात हलवू नका. धूर राळेचा असतो, खिडकी उघडी ठेवा. सोल्डरमध्ये शिसं आहे, हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. (हशा)

हो, आणि जॅकचं टोपण डाख देण्याआधी केबलमध्ये ओवायचं. प्रत्येक कार्यशाळेत एकजण तरी सुंदर सांधा करतो आणि मग टेबलावरच्या टोपणाकडे बघत बसतो.

श्रोत्यांमधून प्रश्न: टीव्ही दुरुस्तीवाले 'ड्राय सोल्डर' म्हणतात, ते काय?

कच्चा डाख. सोल्डर वर नुसतं बसलेलं असतं, धातूला धरलेलं नसतं. गोळीसारखं फुगीर दिसतं. चांगला सांधा तारेच्या कडेला उतरत जातो, आतली तार कुठे आहे ते त्यातून कळतं.

आता एक गोष्ट, जी बहुतेक जण सांगत नाहीत. चांगल्या गिटार केबलमध्ये जाळीच्या खाली, इन्सुलेशनवर, एक काळा प्लास्टिकचा थर असतो. दिसायला इन्सुलेशन, पण त्यात कार्बन असतो, तो वीज वाहून नेतो. केबल पायाखाली आली की होणारी खरखर कमी करण्यासाठी तो घातलेला असतो. हा थर मधल्या तारेला किंवा तिच्या पत्तीला टेकला तर सिग्नल थोडा थोडा जाळीत गळतो. आवाज बंद पडत नाही, नुसता मलूल होतो, आणि माणूस पिकअप बदलत बसतो. म्हणून काळा थर तीन-चार मिलिमीटर मागे सोला, खालचं पांढरं इन्सुलेशन स्वच्छ दिसलं पाहिजे.

तपासताना मल्टिमीटरच्या नुसत्या बीपवर विसंबू नका. टोक ते टोक बीप, बाही ते बाही बीप, टोक ते बाही शांत, इथपर्यंत ठीक. पण काळ्या थराची गळती बीप देत नाही, तिचा रोध जास्त असतो. मीटर मेगाओहमवर लावा, टोक आणि बाहीमध्ये काहीही आकडा दिसता कामा नये. आणि हे करताना जॅकजवळ केबल वाकवून, पिळून बघा.

प्रश्न: हीच केबल अँपच्या हेडपासून स्पीकर कॅबिनेटपर्यंत चालेल का? जॅक तर तोच आहे.

जॅक तोच, म्हणूनच घोटाळा होतो. चालणार नाही. १०० वॉट ८ ओहमच्या स्पीकरला देताना साधारण साडेतीन अँपिअर वाहतात, आणि गिटार केबलची मधली तार बारीक असते. ती तापते, सांधा सुटू शकतो. व्हॉल्व्ह अँप असेल आणि चालू असताना स्पीकर असा तुटला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तिथे जाळी नसलेली, दोन जाड तारांची वायर लावा. आणि त्या केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळून ठेवा, अंधाऱ्या स्टेजवर अदलाबदल होते.