सकाळचे लाल डोळे आणि रात्रीचा मास्क

डोळे चुरचुरतात असं कुणी म्हटलं, की आधी विचारावं ते कधी चुरचुरतात. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याचे डोळे संध्याकाळी थकतात आणि झोप झाली की सकाळी शांत असतात. काही जणांचं मात्र नेमकं उलट असतं. उठल्याबरोबर पापणी उघडवत नाही, डोळे खुपतात, कोपऱ्यात चिकट धागे साचलेले असतात, पांढऱ्या भागावर लाल रेषा असतात. अंघोळ-नाश्ता होईपर्यंत बरं वाटू लागतं आणि दुपारी ही तक्रार आठवतही नाही. असा माणूस झोपेत श्वास अडू नये म्हणून रात्री सीपॅप यंत्राचा मास्क लावून झोपत असेल, तर डोळ्यांत थेंब घालण्याआधी त्याचा मास्क तपासायला हवा.

१५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले आणि रुग्णालयाने कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. अनेक घरांत हा शब्द तेव्हा पहिल्यांदा पोचला. तोवर जोरात घोरणं म्हणजे गाढ झोप, अशीच आपल्याकडची समजूत होती. प्रत्यक्षात या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला दचकवून जागं करतो. तासाला पाचपर्यंत असे प्रसंग चालतात, ३० किंवा त्याहून अधिक झाले तर आजार तीव्र समजतात. सीपॅप यंत्र नाकावाटे सतत दाबाखाली हवा सोडून ही वाट उघडी ठेवतं. हा दाब साधारणपणे पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका असतो. आकडा लहान वाटतो, पण तेवढ्या दाबाची हवा सहा-सात तास एका फटीतून डोळ्यावर येत राहिली, तर अश्रूंचा पातळ थर टिकत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरच्या या उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती आणि मास्क रोज रात्री चेहऱ्यावर चिकटवावा लागे. हवा ढकलणं त्या मानाने सोपं होतं, ती चेहऱ्याच्या कडेने निसटू न देणं कठीण होतं. चाळीसहून जास्त वर्षं झाली, यंत्रं उशीशेजारी मावण्याइतकी लहान झाली, तरी अडचण तीच आहे. आपल्याकडे मात्र सगळी चौकशी यंत्राची होते. कोणती कंपनी, आवाज किती, वॉरंटी किती. मास्क बहुतेकदा त्या खोक्यातून जो निघेल तो. मला हे फार चुकीचं वाटतं, कारण रात्रभर चेहऱ्याला लागून असतो तो मास्क, आणि माणसं यंत्राला कंटाळतात तीही बहुधा मास्कपायीच.

हवा निसटण्याची नेहमीची जागा नाकाच्या दांड्यापाशी असते. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमध्ये, जिथे चष्मा टेकतो, तिथे नाक आणि गाल यांच्यामधला खळगा प्रत्येकाचा वेगळा असतो. तिथून निघालेली हवा सरळ वर डोळ्यात जाते. झोपेत पापण्या पूर्ण मिटत नसतील, आणि बऱ्याच जणांच्या त्या थोड्या उघड्या राहतात, तर बुबुळाचा खालचा भाग वाळतो.

फट लक्षात आली की हात आपोआप पट्ट्यांकडे जातो आणि आपण ते आवळतो. इथेच गाडी बिघडते. मास्कच्या कडेला सिलिकॉनची जी पातळ उशी असते, ती आतल्या हवेनेच फुगून त्वचेला लागावी अशी बनवलेली असते. आत बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये वाफ भरली की वाफच झाकण घट्ट दाबून धरते, तसंच हे काम आहे. पट्टे आवळले की ती पातळ कड दुमडते, चुरगळते आणि चुणीतून नवी फट पडते. मग माणूस आणखी आवळतो. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ, कधी सोललेली त्वचा, आणि डोळे आदल्या दिवशीपेक्षा जास्त लाल.

मास्क बसवायचा तो पलंगावर आडवं होऊन, यंत्र चालू ठेवून. आरशासमोर उभं राहून बसवलेला मास्क झोपल्यावर हलतो, कारण आडवं झालं की गालांचा आकार बदलतो. पट्टे आधी सैल करावेत, मास्क चेहऱ्यापासून जरासा पुढे ओढून उशी फुगू द्यावी आणि हलकेच परत टेकवावा. मग दोन्ही बाजूंचे खालचे पट्टे थोडे थोडे, सारखे घ्यावेत, नंतर वरचे. डोळ्यावर हवा लागायची थांबली की तिथेच थांबावं. बोट ओलं करून नाकाच्या दांड्याजवळ धरलं की बारीक झुळूकही कळते. डाव्या-उजव्या कुशीवर वळून हीच तपासणी पुन्हा करावी. दाब आपोआप बदलणारं यंत्र असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. झोपताना दाब कमी असतो आणि मध्यरात्री, विशेषतः उताणं झोपल्यावर, वाढतो. रात्री दहाला घट्ट बसलेला मास्क तीनला गळतो तो यामुळे. अनेक यंत्रांत ‘मास्क फिट’ नावाची सोय असते. ती थोडा वेळ दाब देऊन मास्क कसा बसलाय ते दाखवते. यंत्र रोजच्या गळतीची नोंदही ठेवतं. ती नोंद डॉक्टरांना दाखवायला हवी, आणि त्यांनी बघितली नाही तर आपण विषय काढायला हवा.

इतकं करूनही गळती राहिली, तर माप किंवा मास्कचा प्रकार चुकलाय असं धरावं. मोठा मास्क आरामशीर असेल असं वाटतं, पण तो नाकाच्या दांड्यावर फार वर बसतो आणि डोळ्यांजवळ पोचतो. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला सरसकट नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क दिला जातो. त्याची कड लांब असते, म्हणून फट पडायला जागाही जास्त. नाक चोंदल्यामुळे तोंड उघडत असेल तर आधी नाकाचा इलाज करून घ्यावा, मग लहान मास्क चालेल का ते बघावं. डोळ्यांच्या त्रासावर सगळ्यात जास्त दिलासा देणारा बदल म्हणजे नाकपुड्यांखाली टेकणाऱ्या लहान उशांचा मास्क. त्याचा दांड्याशी संबंधच येत नाही, आणि मिशी असलेल्यांना, चष्मा लावून वाचत झोपणाऱ्यांनाही तो सोयीचा पडतो. मात्र खूप जास्त दाबावर तो काहींना टोचतो. घेण्याआधी दुकानदाराला विचारावं, की मास्क घरी लावून बघता येईल का आणि बसला नाही तर बदलून मिळेल का. हे विचारायला संकोच करू नये.

आपल्या घरांतल्या काही सवयीही आड येतात. रात्री चेहऱ्याला लावलेलं क्रीम किंवा व्हॅसलीन सिलिकॉनच्या कडेला धरू देत नाही, आणि केसांना चोपडलेलं खोबरेल पट्टे घसरवतं. तेल सकाळी अंघोळीआधी लावावं. नाकपुडीवरची चमकी किंवा मोरणी नाकाच्या मास्कखाली येत असेल तर उशी तिथे उचलली जाते. ज्यांना ती काढायची नसेल, त्यांच्यासाठी दांड्यापासून गालापर्यंतची जागा झाकणारा, मोरणीला बाहेर न ठेवता आत सामावून घेणारा मास्क शोधावा लागतो. हे मास्क देणाऱ्याला आधीच सांगितलं पाहिजे. कुशीवर झोपलं की उशी मास्कला वर ढकलते, तेव्हा चेहऱ्याचा मास्क लावलेला भाग उशीच्या कडेबाहेर राहील असं डोकं ठेवावं. नळी पलंगाच्या डोक्यावरून आणली तर वळताना मास्क ओढला जात नाही. डोक्यावरच्या पंख्याचा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर असेल, तर त्याचाही वाटा असतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात तो विशेष जाणवतो.

यंत्राला जोडलेली पाणी भरायची टाकी नाक-घशाचा कोरडेपणा कमी करते. पण मास्क गळत असेल तर ओली हवाही डोळ्यावर आदळतेच. टाकी वापरत असाल तर पाणी डिस्टिल्डच हवं.

फट कुठेच नाही, मास्क उत्तम बसलाय, तरी डोळ्यात हवा येते, असं सांगणारे लोकही असतात आणि त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ते खरं सांगत असतात. रडताना नाक वाहतं, डोळ्यात घातलेल्या थेंबाची चव घशात येते, कारण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकात जाणारी अश्रुनलिका असते. तिच्या नाकातल्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. तो वरून येणारे अश्रू जाऊ देतो आणि नाकातली हवा सहसा वर चढू देत नाही. काहींचा तो सैल असतो, मग दाबाची हवा उलट वाटेने डोळ्यात येते. कोपऱ्यात बारीक बुडबुडे दिसले, तर हेच घडतंय असं समजावं. अश्रुपिशवीत पू होण्याच्या आजारासाठी डीसीआर नावाची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे होण्याची शक्यता जास्त, कारण त्यात अश्रूंसाठी नाकात नवी मोकळी वाट काढलेली असते. अशा माणसाला मास्क आवळून काहीच उपयोग नाही. दाब कमी करता येतो का, हे झोपेच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आणि अश्रुनलिकेच्या तोंडाशी काही करावं लागेल का हे नेत्रतज्ज्ञांनी.

तिसरं कारण यंत्राच्याही आधीचं असू शकतं. सुलिव्हन यांचा लेख आला त्याच १९८१ साली अमेरिकेतल्या कल्बर्टसन आणि ऑस्लर या नेत्रतज्ज्ञांनी ‘फ्लॉपी आयलिड सिंड्रोम’चं वर्णन केलं. वरची पापणी रबरासारखी सैल होते, हाताने किंचित ओढली तरी उलटते, आणि कुशीवर झोपलं की उशीला घासून उघडी राहते. माणूस नेहमी ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूचा डोळा जास्त लाल असतो. पापणीच्या कण्यातले लवचीक तंतू कमी झालेले असतात. वजन जास्त असलेल्या पुरुषांत हे अधिक दिसतं, आणि पुढच्या काळात कळलं की यातल्या बऱ्याच जणांना स्लीप ॲप्निया असतो. म्हणून सैल पापणी दिसली की नेत्रतज्ज्ञांनी घोरण्याबद्दल विचारावं. सीपॅप नियमित वापरल्यावर पापणीची स्थिती सुधारल्याचंही नोंदलं गेलं आहे. म्हणजे ज्या यंत्राला माणूस डोळ्यांसाठी दोष देतो, त्याच यंत्राने कदाचित त्याचे डोळे सुधारणार असतात.

काही कारणं मास्कच्या धुण्यात आणि साहित्यात असतात. उशी रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवावी आणि भरपूर पाण्याने खळबळून सावलीत वाळवावी. स्पिरिट, डेटॉल किंवा सुगंधी द्रव वापरला तर त्याची वाफ रात्रभर डोळ्यात जाते. उन्हात सिलिकॉन खराब होतं. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली अनेक सीपॅप यंत्रं परत बोलावली, कारण आतला आवाज रोखणारा फोम झिजून कण आणि वायू हवेच्या वाटेत येऊ शकत होते, आणि संभाव्य त्रासांत डोळ्यांची जळजळही होती. त्या काळातलं जुनं यंत्र कुणाच्या घरी असेल, तर मॉडेल क्रमांक तपासून घ्यावा. चुंबकाच्या बटणांचे मास्क पेसमेकर असलेल्यांनी, तसंच डोळ्यात धातूचा कण राहिलेल्यांनी, म्हणजे वेल्डिंग-लेथचं काम केलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

मास्क सुधारेपर्यंत डोळ्यांना आराम हवा. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब झोपताना आणि उठल्यावर घालता येतात. पापण्या उघड्या राहत असतील तर नेत्रतज्ज्ञ रात्रीसाठी घट्टसर जेल किंवा मलम देतात. ते सकाळी थोडा वेळ नजर धूसर करतं. गुलाबजल, मध, तुपाचे थेंब अशा घरगुती उपायांना लाल डोळ्यांपासून लांब ठेवावं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणणं त्याहून धोक्याचं. लाली झटकन जाते, पण ते थेंब महिनोन्‌महिने चालले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांनी सीपॅप सुरू झाल्याचं नेत्रतज्ज्ञांना सांगावं, कारण काही अभ्यासांत यंत्र चालू असताना डोळ्यातला दाब थोडा वाढलेला दिसला आहे. त्यासाठी यंत्र स्वतःहून बंद करू नये. स्लीप ॲप्निया उपचाराविना राहिला तर रक्तदाब आणि हृदयावर ताण येतो, आणि डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त कमी पडण्याच्या एका विकाराशीही या आजाराचा संबंध आढळला आहे. त्या विकारात नजर बहुधा सकाळी उठल्यावर अचानक गेल्याचं लक्षात येतं.

उठल्यावर एका डोळ्याने कमी दिसलं, प्रकाश सहन होईना, पिवळा-हिरवा पू आला, दुखणं वाढत गेलं, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, तर मास्कच्या प्रयोगात वेळ न घालवता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावेत. लेन्स घालून मास्कसह झोपू तर नयेच. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना मास्क पिशवीत सोबत न्यावा. त्यांनी तो चेहऱ्यावर लावलेला बघितला, तर कडेची फट कुठे आहे आणि डोळ्याची लाली कुठे आहे, हे दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसतं.